अग्वादची घंटा



आपल्या वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्यापैकी अनेकांनी दीपगृह फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिले असेल. तरीही आज आम्ही गोव्यातल्या एका दीपगृहाविषयी लिहीत आहोत. आपल्या फाटकाजवळच्या पाणपोईवरून जी चर्चा झाली, तिच्यावर विचार करताना आम्हाला त्याची आठवण झाली.

मांडवी नदी समुद्राला मिळते तेथे पोर्तुगीजांनी १६१२ साली अग्वादचा किल्ला पूर्ण केला. त्यांच्या भाषेत 'आग्वा' म्हणजे पाणी. तेथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि लांबून आलेली जहाजे तेथे पाणी भरून घेत. किल्ल्यावरचा पांढरा, गोल मनोरा १८६४ सालचा. १९७६ साली जवळच नवे दीपगृह आले आणि जुन्याला विश्रांती मिळाली.

या दीपगृहाशी एका घंटेची कथा जोडलेली आहे. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन संन्याशांचे कृपामातेचे भव्य चर्च होते. ही घंटा तिथली. १८३५ साली सरकारने गोव्यातील संन्यस्त संघ बंद केले आणि मठ ओस पडला. १८४१ साली घंटा तेथून काढून अग्वादला दीपगृहासाठी नेली, म्हणजे आजचा मनोरा उभा राहण्याच्याही आधी. पुढच्याच वर्षी त्या चर्चचे छत कोसळले. १८७१ साली घंटा पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चवर चढवली गेली. तिचे वजन सुमारे २,२५० किलो आहे. गोव्यात तिच्याहून मोठी घंटा एकच, जुन्या गोव्याच्या कॅथेड्रलमधील सुवर्णघंटा.

आता प्रश्न असा: मधली ती तीस वर्षे घंटेची अवहेलना होती काय?

होय, असे म्हणता येईल. जी घंटा प्रार्थनेसाठी ओतली, ती सरकारी कामाला जुंपली. शिवाय ती कोणी आनंदाने दिली नव्हती. संन्याशांना घालवून देणे हा अन्याय होता आणि नंतर घंटेचा चांगला उपयोग झाला म्हणून तो अन्याय न्याय ठरत नाही. चोरीच्या पैशातून दानधर्म केला तरी चोरी ती चोरीच.

परंतु दुसरी बाजूही पाहू या. दीपगृहात घंटेचे काम सरळ असते. पावसात, धुक्यात दिवा दिसेनासा झाला की आवाजाने सावध करायचे. हा आवाज ऐकणारा खलाशी हिंदू, मुसलमान की ख्रिस्ती, हे घंटा विचारत नाही. तो आभार मानायला कधी किनाऱ्यावर येतही नाही. अॅरिस्टॉटल सांगतो की वस्तूचे चांगलेपण तिचे काम नीट होण्यात असते. घंटेचे काम कोणते? माणसाला हाक मारणे. मठात तिने हाक मारली, दीपगृहातही हाकच मारली. बदलले ते एवढेच, की हाकेला ओ देणारे अनोळखी झाले.

वाइटातूनही देव चांगले घडवू शकतो, असे संत ऑगस्टीन शिकवतात. याचा अर्थ वाईट करावे असा नाही. वाईट घडून गेल्यावरही चांगले करण्याची वाट बंद होत नाही, असा आहे. त्यांच्याच नावाच्या मठातील घंटेने हे दाखवून दिले, असे आम्हाला वाटते.

आता पाणपोई. विदर्भातला उन्हाळा आपण जाणतो. काहींचे म्हणणे असे की पाणी धर्मग्रामाच्या पैशातून येते आणि पितात मात्र रस्त्याने जाणारे, ज्यांना आपण ओळखतही नाही. हे म्हणणे खोटे नाही. पैसा आपल्या सर्वांच्या कष्टाचा आहे आणि त्याचा हिशेब विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच. तो हिशेब आम्ही सभेत मांडू. पण 'ओळखत नाही' हे कारण आम्हाला पटत नाही. ओळखीच्या माणसाला पाणी देणे हा पाहुणचार झाला. धर्म तेथून पुढे सुरू होतो. तहानलेल्याला पाणी दिले ते मलाच दिले, असे प्रभू येशूने सांगितले, तेव्हा त्या तहानलेल्याचे नाव सांगितले नाही.

म्हणून पावसाळा लागेपर्यंत रांजण भरलेले राहावेत, अशी आमची विनंती आहे. सकाळच्या मिस्सानंतर रोज दोघांनी पाणी भरायचे आहे. पहिल्या दिवसासाठी आम्ही आमचे नाव लिहिले आहे. त्याखालची जागा रिकामी आहे.