गार झाल्यावर सुरू होते का? (गीता ४.३४)



आजचं वाचन चौथ्या अध्यायातला ३४ वा श्लोक. भगवंत अर्जुनाला सांगतात, हे ज्ञान हवं असेल तर जाणत्यांकडे जा, आणि जाताना तीन गोष्टी घेऊन जा: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. गंमत बघा, साक्षात भगवंत समोर आहेत आणि तेच म्हणतायत की जाणत्यांना जाऊन विचार. त्या जाणत्यांना शब्दही दोन लावलेत, ज्ञानी आणि तत्त्वदर्शी. ज्यांना नुसतं माहीत नाही, ज्यांनी बघितलंय.

नमस्कार आणि सेवा यांवर आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मधल्या शब्दावरून मात्र झरकन पुढे जातो. तिथे नुसता 'प्रश्न' नाही, 'परिप्रश्न' आहे. परिक्रमेतला 'परि', म्हणजे सगळ्या बाजूंनी. दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाबद्दल विचारतो तेव्हा तो व्याख्या मागून थांबत नाही. असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हे विचारतो. सरळ लक्षणांवर येतो. आणि याच चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो भगवंतांनाच अडवतो: सूर्याचा जन्म आधीचा, तुमचा नंतरचा, मग तुम्ही त्याला हे सांगितलंत कसं? भगवंत रागावत नाहीत, उत्तर देतात. श्रद्धा असली की प्रश्न विचारू नयेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा अध्याय पुन्हा एकदा वाचावा.

आता बुलेटकडे येतो. बाबांची १९८९ ची, स्टँडर्ड ३५०. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. काचबिंदूमुळे बाबांनी दोन वर्षांपूर्वी गाडी चालवणं सोडलं, आणि त्याबरोबर बोलणंही जवळजवळ सोडलं. गाडीला एक विचित्र खोड लागली होती. सकाळी दुसऱ्या किकला सुरू, आठ-दहा किलोमीटर मस्त, मग बंद. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू. ढकलत गॅरेजला नेईपर्यंत इंजिन गार, त्यामुळे तिथे कायम शहाण्यासारखी वागायची. (आमच्या धंद्यातल्या लोकांना हा बग लगेच ओळखू येईल.) प्लग बदलून झाला, कार्बोरेटर दोनदा साफ झाला. आई म्हणाली, विकून टाका. रविवारी बघायला गिऱ्हाईकही येणार होतं. बाबा काहीच म्हणाले नाहीत.

मग नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. विचारत बसले. बंद पडताना आचके देत पडते, की दिवा मालवल्यासारखी? एकदम? म्हणजे पेट्रोल नाही, करंट. तेव्हा हॉर्न वाजतो का? टाकीचं झाकण उघडून पाहिलंस? गार झाल्यावर दर वेळी सुरू होते, की कधीकधी? आणि शेवटी: "आधी कधी असं झालं होतं का? वडिलांना विचार."

मला त्या क्षणी ३४ वा श्लोक उलटा दिसला. परिप्रश्न फक्त शिष्यानं करायचा असं नाही, जाणताही करतो. किंबहुना जाणता कोण, हे त्याच्या प्रश्नांवरूनच कळतं.

संध्याकाळी बाबांना विचारलं. टीव्हीचा आवाज त्यांनी स्वतः कमी केला. "खंबाटकीत झालं होतं. तू पुढे टाकीवर, ताई मध्ये. कंडेन्सर गेला होता." आणि मग ते थांबलेच नाहीत. अ‍ॅमीटरची सुई मध्ये आल्याशिवाय किक मारू नकोस, म्हणाले. सुई मध्ये येते म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वर आलाय. मग डिकॉम्प्रेसर ओढून किंचित पुढे घ्यायचं, सोडायचं, आणि मग पूर्ण किक. घाई केलीस तर उलटी लाथ नडगीवर. हे सगळं त्यांनी जिन्यातल्या अंधारात, हातानं दाखवत सांगितलं. गाडी त्यांना दिसत नव्हती, पण सुई नेमकी कुठे येते ते बोटाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उस्तादनी गाडी तापवून तापवून बंद पाडली, आणि लगेच प्लग काढून ठिणगी दाखवली. पिवळट, मरतुकडी. मग मला बसवलं कामाला. बॅटरी धर, रॉकेलमध्ये हे धू, पॉइंट पॉलिश पेपरनं घास, फीलर गेज लावून फट बघ. माउली याच श्लोकावर म्हणतात की ज्ञानाच्या घराला सेवा हा दरवाजा आहे. मी हे आजवर भावार्थानं वाचत होतो. पॉइंट घासताना त्यांच्यावर जळून पडलेला बारीक खड्डा दिसला, नखाला लागला. कंडेन्सर मेला की पॉइंट उघडताना तिथे जाळ होतो, हे वाचून माहीत होतं. दिसलं तेव्हाच, हात काळे झाल्यावर. ज्ञानी आणि तत्त्वदर्शी हे दोन वेगळे शब्द का, याचं मला पटलेलं उत्तर एवढंच आहे.

बोटाच्या पेराएवढा नवा कंडेन्सर बसला. ठिणगी निळी झाली. मी पाकीट काढलं तर उस्ताद म्हणाले, "आधी पंचवीस किलोमीटर मार. मग सांग." अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर भगवंतही अर्जुनाला विचारतातच, नीट ऐकलंस ना, मोह गेला ना? सातशे श्लोकांच्या ग्रंथात शेवटाला येऊन गुरू प्रश्न करतो, हे मला फार आवडतं.

आळंदी तेवढ्या अंतरावर आहे. बाबांना विचारलं, मागे बसाल का? त्यांनी हेल्मेट आधीच हातात घेतलं होतं. विश्रांतवाडी मागे पडली, गाडी तापली, बंद पडली नाही. रविवारच्या गिऱ्हाइकाबद्दल कोणीच बोललं नाही. दिघीजवळ खांद्यावर टकटक झाली.

"टॅपेट वाजतायत," बाबा कानाशी ओरडले. "उस्तादला विचार, शेवटचे कधी सेट केलेत?"