उसना विश्वास

कोजागरी झाली, खामगावात जगदंबेचा उत्सव सुरू झाला, संपादकांची दोन पत्रे आली. माझा कागद मात्र कोराच! बाबा गेल्यापासून लेखणी रुसली होती. खरे सांगायचे तर आपल्याजवळ सांगण्याजोगे काही आहे, हा विश्वासच उडाला होता.

अशात विनोबा आठवले. गीता सोप्या मराठीत तूच उतरव, असे त्यांना आईने सुचविले होते. १९१८ साली ती माउली गेली. ‘गीताई’चा आरंभ झाला ७ ऑक्टोबर १९३० ला आणि १९३१ च्या फेब्रुवारीत ती पुरी झाली. मधली बारा वर्षे तो विश्वास जपला कुणी? लेकाने, की गेलेल्या आईने? (मला तरी आईनेच, असे वाटते.)

पण दुसऱ्याच्या विश्वासावर लिहिणे प्रामाणिकपणाचे का? या विचारात असतानाच आत्या आली. बाई अक्षरशत्रू!

“बापू, औंदा माह्या भावाचं लिहिजो. अंक आला का मले वाचून दाखवजो.”

एक ओळही सुचत नाही, हे तिला सांगवेना. ‘हो’ म्हणून बसलो. तो शब्द खोटा पडू नये म्हणून पेनाचे टोपण काढले. पहिली ओळ उतरली ती कापूसबाजारातून परतताना बाबांच्या टोपीला चिकटून येणाऱ्या तंतूंविषयी.