दिले ते उरले

कनेरगाव नाक्याहून वाशीम जवळच. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीपूर्वी परततो. हेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात येथे राज्य करणाऱ्या हरिषेणाचा राजवाडा आज उभा नाही. मात्र त्याचा मंत्री वराहदेव याने भिक्षुसंघाला अर्पण केलेले अजिंठ्याचे १६ वे लेणे टिकून आहे. स्वतःसाठी बांधले ते गेले, दिले ते उरले.

तरीही त्या लेण्याच्या भिंतीवर दात्याचा शिलालेख आहेच. मग ते दान निर्मळ म्हणावे काय? चर्चमधील बाकांवर देणगीदारांची नावे वाचताना हाच प्रश्न पडतो. मला वाटते, नाव कोरल्याने दान मलिन होत नाही. परंतु थकलेल्या अनोळखी माणसाला त्या बाकावर बसू दिले नाही, तर ते दानच उरत नाही.