दैवाचा क्रमांक पाचवा

अपघाताची बातमी लिहिताना आपल्याकडे एक वाक्य हाताशी तयार असते: काळाने घाला घातला. उसाचा ट्रॅक्टर उलटून केज-धारूरकडचे मजूर गेले तरी तेच, आणि वैमानिक होऊ पाहणाऱ्या पोराचे विमान रानात कोसळले तरी तेच. या वाक्यातल्या दैवाला हसणे सोपे आहे, आणि हसणारे हसतातच. माझी तक्रार वेगळी आहे. दैव मानायचे तर नीट मानावे. ज्या ग्रंथाचा आपण उठताबसता हवाला देतो, त्याने दैवाला दिलेल्या जागेवरून उठवून त्याला पुढच्या रांगेत आणू नये. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: कर्म जिथे घडते ते अधिष्ठान, मग कर्ता, मग निरनिराळी साधने, मग नाना हालचाली, आणि दैव. दैवाचे नाव घेताना ते पाचवे आहे, हेही तिथे स्पष्ट सांगितले आहे. आणि एवढे असून जो एकट्या आत्म्याला कर्ता समजतो, त्याची बुद्धी पुढे लगेच कच्ची ठरवली आहे. केज-धारूर ज्या बीड जिल्ह्यात येतात, त्याला हा अध्याय परका नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी गीतेवर लिहिलेली 'गीतार्णव' ही अवाढव्य टीका सव्वा लाख ओव्यांची असल्याचे सांगतात. त्यांची पासोडी, म्हणजे सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेले पंचीकरण, हा तर देहाचे आणि सृष्टीचे घटक सुटे करून दाखवण्याचाच खटाटोप आहे. देहाची अशी फोड जिथे झाली, तिथे अपघाती मरणाची फोड करायलाही हरकत नसावी.

ती करून पाहायला वैमानिक प्रशिक्षणाच्या गर्दीच्या तळासारखी जागा नाही. बीड जिल्ह्यात असा तळ नाही. ओळखीचा म्हणावा तर बारामतीचा, शिवाय गोंदियाजवळचा बिरसी आणि धुळे जिल्ह्यातले शिरपूर. अशा तळावर एकाच धावपट्टीभोवती अनेक विमाने जमिनीपासून साधारण हजार फुटांवर आयताकृती फेऱ्या मारत असतात. याला सर्किट म्हणतात. उतरायचे, चाके टेकवायची, न थांबता पुन्हा उडायचे. जिथे नियंत्रक नसतो तिथे प्रत्येक जण आपला ठावठिकाणा रेडिओवर स्वतः सांगतो आणि बाकीच्यांनी तो ऐकून, डोळ्यांनी पाहून अंतर राखायचे असते. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तर ऐकणाऱ्याच्या कानात नुसती किंचाळी येते, आणि बोलणाऱ्या दोघांनाही वाटते की आपण सांगितले. शिकाऊ सेसना विमानाचे पंख डोक्यावर, म्हणून वरचे दिसत नाही. पायपर विमानाचे पंख खाली, म्हणून खालचे दिसत नाही. उतरताना खाली सेसना आणि बरोबर तिच्या वर पायपर आली, तर दोघेही नियमाने चाललेले असतात आणि दोघेही आंधळे असतात. आणखी एक गोष्ट शिकाऊ मुलांना मुद्दाम शिकवावी लागते. धडकेच्या मार्गावर असलेले दुसरे विमान काचेवर एकाच जागी ठिपक्यासारखे दिसते. आपला डोळा हलणारे टिपतो. हा ठिपका सरकत नाही, फक्त वाढतो, आणि डोळ्यांत भरण्याइतका वाढतो तो शेवटच्या काही सेकंदांत. 2025 च्या जुलैत कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबाकजवळ दोन शिकाऊ वैमानिकांची विमाने उतरण्याच्या सरावात एकमेकांवर आदळली. दोघेही गेले, त्यातला एक केरळचा होता.

एवढे समजल्यावर पाच कारणांची यादी पोथीतली राहत नाही. धावपट्टी, तिच्याभोवतीचे आकाश आणि त्यातली गर्दी हे अधिष्ठान. विद्यार्थी हा कर्ता, पण त्याच्या पाठीशी त्याला एकट्याने उडायला सोडणारा प्रशिक्षक आणि दिवसाचे वेळापत्रक ठरवणारा व्यवस्थापक. रेडिओ, पंख, काच ही साधने. वळणे, उतरणी, बोलणे या हालचाली. या चौघांचा हिशेब झाल्यावर जे उरेल, समजा त्या क्षणी डोळ्यांवर आलेले ऊन, त्याला खुशाल दैव म्हणा.

हिशेब न करता एकाच माणसाला कर्ता ठरवले की काय होते, याचा सर्वांत दारुण दाखला युरोपातल्या आकाशातला आहे. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीच्या दक्षिण सीमेवर, युबरलिंगेनजवळ, रशियाचे एक प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांवर आदळले. 71 माणसे गेली. त्यात बहुतेक उफा शहराहून सुट्टीला निघालेली शाळकरी मुले होती. त्या आकाशाची जबाबदारी झुरिकच्या नियंत्रण कक्षाकडे होती. रात्रपाळीला दोन नियंत्रक होते, पण त्यातला एक विश्रांतीला गेलेला. ही तिथली चालत आलेली रीत होती आणि वरिष्ठांना ती ठाऊक होती. दुरुस्तीच्या कामामुळे रडार कमी क्षमतेवर चालत होते, धडकेची पूर्वसूचना पडद्यावर दाखवणारी सोय बंद होती, मुख्य दूरध्वनीही बंद. शेजारच्या जर्मन केंद्राला धोका दिसला होता. तिथून फोन लावला जात होता, पण लागत नव्हता. एकटा उरलेला नियंत्रक दोन पडद्यांवर काम करत होता. त्याचे लक्ष गेले तेव्हा धडकेला मिनिटही उरले नव्हते. त्याने रशियन विमानाला खाली यायला सांगितले. त्याच वेळी त्या विमानातले धडक टाळणारे यंत्र वैमानिकाला वर जा म्हणून सांगत होते. वैमानिकाने माणसाचे ऐकले. दुसरे विमान यंत्राच्या सांगण्यावरून खालीच येत होते. पावणेदोन वर्षांनी, फेब्रुवारी 2004 मध्ये, बायको आणि दोन्ही मुले गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाच्या घरी जाऊन त्याला भोसकून मारले. त्या बापाच्या दुःखापुढे बोलायची कुणाची छाती नाही. पण 2007 मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने ज्या चौघांना दोषी ठरवले ते तो नियंत्रण कक्ष चालवणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापनातले होते. तोवर नियंत्रक जाऊन तीन वर्षे झाली होती. एकाच कर्त्यावर नजर खिळली की अपघातातून दुसरा खून कसा जन्मतो, हे यापेक्षा उघड करून दाखवणारी घटना मला माहीत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. कर्त्याचा वाटा पाचांपैकी एक म्हटले की जो तो बाकीच्या चार कारणांच्या आड लपेल. दारू पिऊन कॉकपिटमध्ये बसणारा म्हणेल, अधिष्ठानच तसे होते. याचे उत्तर असे की यादीत कर्ता आहेच. त्याला कुणी वगळलेले नाही. जाणूनबुजून नियम मोडणारा आणि नियम पाळूनही चुकणारा यांच्यात फरक करायला यादी आड येत नाही, उलट तिच्यामुळेच तो फरक करता येतो. आपल्या कायद्यानेही दोन वाटा वेगळ्या ठेवल्या आहेत. विमान अपघातांच्या तपासाचे 2017 चे नियम सांगतात की या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे एवढाच. दोष वा दायित्व वाटणे हा नव्हे. त्यासाठी पोलीस आणि न्यायालये आहेत. या विभागणीत एक शहाणपण आहे: चूक सांगितली की नोकरी जाणार असेल तर चूक कुणी सांगणार नाही, आणि किंचाळीत हरवलेल्या त्या संदेशाबद्दल उद्याच्या विद्यार्थ्याला काहीच कळणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती तालुक्यात एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने चार दिवसांत कोसळली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या वैमानिकांपुरते पाहिले नाही. संस्थेचे सगळ्याच तळांवरचे प्रशिक्षण थांबवले. हा निर्णय अधिष्ठानाकडे आणि साधनांकडे बोट दाखवणारा होता, म्हणून मला तो योग्य वाटतो.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतील, तुम्ही शब्द पळवता आहात. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता. रामानुजांना तिथे अंतर्यामी परमात्मा दिसतो. धावपट्टी आणि रेडिओ कुठून आले? मान्य. हा अध्याय अपघाताच्या चौकशीसाठी सांगितलेला नाही. अहंकार गळावा म्हणून सांगितला आहे. पण अहंकार दोन्हीकडून असतो. मीच केले म्हणणारा जसा अहंकारी, तसाच त्यानेच केले म्हणून बोट रोखणाराही. दोघांनाही कर्माच्या मागचा गोतावळा पाहायचा नसतो. आणि परमात्मा अंतर्यामी आहे असे धरले तरी तो बाकीच्या चारांना रद्द करत नाही. तो त्यांच्यासोबत मोजला आहे, त्यांच्याऐवजी नव्हे. एवढाच आधार मला पुरतो.

तिसरा आक्षेप लोकांच्या तोंडचा, आणि तोच सर्वांत जड. मरणाची घटका ठरलेली असते. देव तारी त्याला कोण मारी. 12 जून 2025 ला अहमदाबादला विमान कोसळले तेव्हा आतल्या 242 जणांपैकी एक जण वाचला आणि गावोगाव हेच म्हटले गेले. वाचलेल्यापुरते ते गोड वाटते. पण हाच न्याय उरलेल्या 241 जणांना आणि खाली वसतिगृहाच्या आवारात गेलेल्यांना लावून पाहा, म्हणजे तो देवाला कुठे नेऊन ठेवतो ते कळेल. श्रद्धावानाने तरी हे बोलू नये. शिवाय घटका ठरलेली असेल तर ती यंत्राच्या तपासणीने बदलायला नको. बदलते मात्र. नोव्हेंबर 1996 मध्ये हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने धडकून 349 माणसे गेली. दिल्लीला येणारी आणि तिथून निघणारी विमाने एकाच वाटेने जात होती, एक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले, आणि विमानांची उंची पडद्यावर दाखवणारे दुय्यम रडार तिथे नव्हते. नंतर वाटा वेगळ्या केल्या, रडार आले, धडक टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. आकाशातली गर्दी त्यानंतर कितीतरी पटींनी वाढली, पण प्रवासी विमानांचा तसा अपघात भारतात पुन्हा झालेला नाही. दैवाने आपला बेत बदलला असे कुणाला म्हणायचे असेल तर म्हणावे. बेत बदलायला भाग पाडणारी माणसे होती, एवढे तरी त्याने मान्य करावे.

मला स्वतःला जो आक्षेप बोचतो तो मात्र यापैकी कुणीच घेत नाही. पाच कारणांच्या यादीत खालचा माणूस कुठे आहे? जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शिकाऊ विमान पडले ते शेतात. बारामती-इंदापूरचा हा पट्टा उसाचा, आणि गळीत हंगामात तिथे कोयता चालवणाऱ्या टोळ्यांत बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासारची माणसे असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाच्या कडेला कोपी, आणि कोपीत झोपवलेले मूल. वर फेऱ्या मारणाऱ्या विद्यार्थ्याने धोका पत्करलेला असतो. त्याने अर्ज केला आहे, लाखो रुपये भरले आहेत. खालच्या बाईला कुणी विचारलेले नाही. ती कर्ता नाही, साधन नाही, तिची हालचाल वरच्या कर्मात मोजली जात नाही. उरते दैव, आणि गरिबाच्या बाबतीत आपण नेमके तेच पटकन पुढे करतो. तिला अधिष्ठानात धरले पाहिजे असे माझे मत आहे. ज्या जमिनीवर कर्म घडते ती जमीन रिकामी नसते. बीडला विमानतळ हवा अशी मागणी होत असते. उद्या धावपट्टी झाली आणि तिच्यावर प्रशिक्षण संस्था आली, तर सर्किट कोणत्या फडांवरून आणि कोणत्या शाळांवरून जाणार, रेडिओवर ऐकणारे तिसरे कुणी असणार की नाही, आणि अपघाताचा अहवाल त्या गावच्या ग्रामसभेत मराठीत वाचला जाणार का, हे भूसंपादनाच्या आधी विचारायचे प्रश्न आहेत, आणि ते विचारण्याचा पहिला हक्क त्या गावांचा आहे.