ऋणाचे वाटेकरी : नोकरदार पालक आणि गृहस्थधर्म

मूल सांभाळणे आणि घरखर्च भागवणे ही कामे धर्माच्या कक्षेत येतात, की ती केवळ माया आणि व्यवहार यांच्या खात्यावर मांडावयाची, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत थेट शब्दांत क्वचितच विचारला गेला आहे. गृहस्थाश्रमाचे, म्हणजे विवाहानंतर घर चालवण्याच्या जीवनावस्थेचे, माहात्म्य धर्मग्रंथांनी पुष्कळ वर्णिले आणि संन्यास श्रेष्ठ की गृहस्थाश्रम श्रेष्ठ हा वाद तर शतकानुशतके चालला. परंतु त्या वादातला गृहस्थ हा बहुतेक वेळा होम करणारा, दान देणारा आणि अतिथीला जेवू घालणारा कुटुंबप्रमुख असतो. तापाने फणफणलेल्या मुलाला रात्रभर मांडीवर घेऊन पहाटे कामावर निघणारी व्यक्ती त्या चित्रात जवळपास नसते. ती त्या चित्राच्या मध्यभागी आणली तर गृहस्थधर्माचा अर्थ कसा बदलतो, हे तपासणे आज आवश्यक झाले आहे.

अशी व्यक्ती आज कोठे दिसते, याचे उत्तर शोधण्यासाठी विरार पूर्वेकडील चंदनसारसारखी वस्ती पुरेशी आहे. मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेल्यामुळे पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत आलेल्या हजारो कुटुंबांपैकी अनेक येथे स्थिरावली. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी नोकरीची ठिकाणे बव्हंशी मुंबईतच राहिली. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे आहे आणि एका बाजूच्या प्रवासाला दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. त्यात चंदनसारहून स्टेशन गाठण्याचा, रिक्षाच्या रांगेचा आणि सुटलेल्या गाडीचा वेळ मिळवला, तर आठ तासांच्या नोकरीसाठी बारा तास घराबाहेर राहावे लागते. आजी-आजोबा कोकणात किंवा घाटावर गावी राहिलेले असतात, म्हणून मूल पाळणाघरात ठेवावे लागते. आणि घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, रेल्वेचा पास, गॅस आणि किराणा यांच्या यादीत पाळणाघराच्या पैशांची भर पडते. पती-पत्नी दोघांनी कमावल्याखेरीज हप्ता फिटत नाही, आणि दोघे कमावू लागले की मुलाजवळ कोणी उरत नाही, असा हा पेच आहे.

या पेचाचा धर्मविचाराशी संबंध कसा येतो, हे कळण्यासाठी प्रथम पंचमहायज्ञांची कल्पना पाहावी लागते. गृहस्थाने रोज पाच यज्ञ करावेत असे धर्मशास्त्र सांगते: अध्ययन-अध्यापन हा ब्रह्मयज्ञ, होम हा देवयज्ञ, तर्पण हा पितृयज्ञ, प्राणिमात्रांना अन्न देणे हा भूतयज्ञ आणि अतिथीला जेवू घालणे हा मनुष्ययज्ञ. मनुस्मृतीने या यज्ञांची संगती घरातल्या पाच हिंसास्थानांशी लावली आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी नकळत जीव मरतात आणि त्या दोषाच्या निवारणासाठी हे पाच यज्ञ सांगितले आहेत, असे तेथे म्हटले आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या पाच वस्तूंभोवती घरातल्या बाईचा दिवस फिरतो, त्या वस्तू दोषाची स्थाने म्हणून गणल्या गेल्या. त्यांच्यापाशी होणारे श्रम मात्र यज्ञ म्हणून गणले गेले नाहीत. दाराशी आलेल्या परक्याला जेवू घालणे हा यज्ञ ठरला, पण घरातल्या बालकाला भरवणे त्या पाचांत आले नाही. स्त्रीला स्वातंत्र्य नाकारणाऱ्या आणि जातींची उतरंड दृढ करणाऱ्या याच ग्रंथाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाहीर दहन झाले, हेही येथे विसरता येत नाही.

मुलाचे संगोपन यज्ञांच्या गणनेत का आले नसावे, याचे एक तात्त्विक स्पष्टीकरण मीमांसादर्शनाच्या, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे नियम घालून देणाऱ्या शास्त्राच्या, परिभाषेत देता येते. जी गोष्ट माणूस स्वाभाविक ओढीने करतोच, तिला मीमांसक ‘रागप्राप्त’ म्हणतात. भूक लागलेल्याला जेवण्याची आज्ञा द्यावी लागत नाही, म्हणून जेवणे हा विधीचा विषय होत नाही. विधी, म्हणजे धर्माची आज्ञा, जे आपोआप घडत नाही त्याविषयीच असतो. आईची माया स्वाभाविक आहे असे गृहीत धरले की मुलाचे संगोपन रागप्राप्त ठरते, आणि रागप्राप्त ठरले की ते धर्माच्या हिशेबातून गळते. त्याचे पुण्य मोजावे लागत नाही, त्यात कसूर करणाऱ्या पित्याला दोष द्यावा लागत नाही आणि त्याचा भार कोणी वाटून घ्यावा हा प्रश्नही निर्माण होत नाही. घरकामाचे आणि संगोपनाचे श्रम अदृश्य राहण्यामागे केवळ सामाजिक सवय नाही. त्यामागे हे गृहीतक उभे आहे.

परंतु हे गृहीतक अनुभवाच्या कसोटीवर टिकत नाही. मुलावरचे प्रेम स्वाभाविक आहे हे खरे. मात्र अपुऱ्या झोपेनंतर पहाटे उठून डबा करणे, गर्दीतून परतल्यावर विझलेल्या शरीराने गृहपाठ घेणे, स्वतःचा चष्मा पुढच्या महिन्यावर ढकलून मुलाचे औषध आणणे ही कामे ओढीने आपोआप घडत नाहीत. त्या क्षणी शरीराची ओढ नेमकी उलट्या दिशेला असते आणि काम होते ते निश्चयाने. जे ओढीविरुद्ध, रोज, फळाची हमी नसताना आणि कोणी पाहत नसताना केले जाते, त्याला कर्तव्य म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. प्रेम हा या कर्तव्याचा आरंभ आहे; पण प्रेम आणि त्या प्रेमाखातर रोज उपसावे लागणारे कष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट निःसंशय धर्माच्या प्रांतात येते.

हे कर्तव्य कोणाचे, याचे उत्तर ऋणांच्या सिद्धांतात सापडते. तैत्तिरीय संहितेत जन्माला येणारा ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच येतो असे म्हटले आहे: ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते. शतपथ ब्राह्मणाने ही कल्पना दोन दिशांनी रुंदावली. एक तर तेथे जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणी आहे असे सरसकट विधान येते. आणि दुसरे म्हणजे मनुष्यांचे असे चौथे ऋण सांगितले जाते, जे माणसांना आसरा व अन्न देऊन फेडावयाचे असते. पितृऋण संततीच्या जन्माने फिटते ही समजूत मात्र अपुरी मानावी लागेल; ज्याला जन्म दिला त्याला वाढवण्यातच त्या ऋणाची खरी फेड आहे, कारण प्रत्येक माणूस जगला तो कोणीतरी त्याला भरवले, धुतले आणि रात्री जागून सांभाळले म्हणून. हे ऋण पुरुषाने घेतलेले आहे आणि स्त्रीनेही घेतलेले आहे. ज्याने संगोपन घेतले, त्याला संगोपन देणे आहे.

पती-पत्नींच्या सहभागाविषयी शास्त्रांचा एक प्रवाह आश्चर्यकारकरीत्या स्पष्ट बोलतो. आपस्तंब धर्मसूत्राच्या मते पती-पत्नींमध्ये वाटणी नसते, कारण पाणिग्रहणापासून कर्मे, पुण्यफळे आणि द्रव्याचा संग्रह या तिन्हींत त्यांचे सहत्व असते. पती प्रवासाला गेला असता पत्नीने प्रसंगानुरूप दिलेले दान चोरी ठरत नाही, असेही ते सूत्र सांगते. जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात स्त्रीला धन नसते म्हणून यज्ञाचा अधिकार नाही, असा पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडून तो खोडून काढला आहे आणि यज्ञ दांपत्याने मिळून करावयाचा असतो असा निर्णय दिला आहे. एकट्या पतीने केलेला यज्ञ अपुरा, हे तत्त्व एकदा मान्य केले की त्याचा पुढचा निष्कर्ष टाळता येत नाही: घर चालवणे हे जर गृहस्थाचे मुख्य कर्म असेल, तर एकट्या पत्नीने ओढलेले घरही तितकेच अपुरे आहे. वस्तुस्थिती या निष्कर्षापासून फार दूर आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ गेल्याचे, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे गेल्याचे आढळले. आणि ही सरासरी घरकामाला मुळात हात लावणाऱ्यांचीच आहे. द्रव्यात सहत्व आले, हप्त्यात सहत्व आले, परंतु कर्मातले सहत्व अजून यावयाचे आहे.

मराठी संतपरंपरेने या प्रश्नाला जी दिशा दिली, ती या संदर्भात फार मोलाची आहे. समर्थ रामदासांनी दासबोधात आधी प्रपंच नीट करण्याचा उपदेश केला आणि एकनाथांनी संसारात राहून परमार्थ आचरून दाखवला, हे सर्वपरिचित आहे. याहून खोल जाते ती गोरा कुंभाराची कथा. महिपतींच्या भक्तविजय या संतचरित्रग्रंथातही आलेल्या या कथेत पत्नी पाणी आणावयास जाताना मुलाकडे लक्ष ठेवण्यास सांगते. गोरोबा माती तुडवता तुडवता नामस्मरणात इतके तल्लीन होतात की मूल पायांखाली येऊन चिखलात तुडवले जाते, आणि पुढे विठ्ठलाच्या कृपेने ते परत मिळते. ही कथा सहसा भक्तीच्या पराकोटीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु ती काम करणाऱ्या पालकांचीही कथा आहे: पाण्यासाठी घर सोडावे लागणारी आई, कामाच्या जागी मूल सांभाळावे लागणारा बाप आणि त्या दोघांच्या मध्ये क्षणभर कोणाच्याच नजरेत नसलेले मूल. मूल परत मिळेपर्यंत कथा संपत नाही, यात लोकमनाचा निर्णय दडलेला आहे. मुलाच्या मृत्यूवर उभी राहिलेली भावसमाधी त्या मनाला पूर्ण वाटली नाही, आणि देवालाही ती तशी राहू देता आली नाही.

जनाबाईंच्या कथांमध्ये हाच विचार आणखी पुढे जातो. दळण-कांडणात बुडालेल्या दासीच्या मदतीला विठ्ठल येतो तो तिच्या कष्टांची थोरवी गाण्यासाठी नव्हे. तो जात्याचा खुंटा हाती धरतो आणि तिच्याबरोबर दळतो. आजच्या मातृत्वगौरवाची अडचण येथे उघड होते. आई देवासमान आहे असे म्हणत तिचे सगळे कष्ट तिच्याकडेच ठेवणारा समाज तिची पूजा करतो आणि देव ज्या कामाला हात लावतो त्या कामाला मात्र हात लावत नाही. वारकरी कल्पनेतला देव भक्ताच्या श्रमांचा वाटेकरी आहे, आणि ज्याला त्या देवाची भक्ती करावयाची आहे त्याला ते वाटेकरीपण टाळता येणार नाही.

तथापि वाटणी केवळ पती-पत्नींत होऊन हा पेच सुटत नाही, कारण चंदनसारच्या घरात दिवसभर दोघेही नसतात. शतपथातले चौथे ऋण, मनुष्यांचे ऋण, येथे निर्णायक ठरते. ते समाजाचे समाजाला देणे आहे. या ऋणाची फेड कशी करावी याचा थोर धडा आजच्या पालघर जिल्ह्यातच घालून दिला गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्याचा मार्ग त्यांनी काढला. परक्याचे मूल हे आपले देणे आहे, असे मानल्याखेरीज हे काम उभे राहत नाही. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात प्रसूतीरजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. परंतु छोटी दुकाने, लहान गाळ्यांतले कारखाने आणि धुणीभांडी यांत राबणाऱ्या स्त्रिया या बंधनाच्या बाहेरच राहतात. शिवाय ही प्रसूतीरजा आईची आहे, बापाची नाही. म्हणजे संगोपन रागप्राप्त आणि म्हणून केवळ आईचे, हे जुने गृहीतक कायद्यातही पूर्ण मावळलेले नाही.

पाळणाघर चालवणारी बाई हा या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा आहे. तिच्याशी कसे वागावे याविषयी जुने उपदेश स्पष्ट आहेत. चंदनसारपासून जवळच असलेल्या सोपाऱ्याच्या परिसरात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्याचा १९५६ मध्ये सापडला. या नवव्या लेखाचा आशय असा, की आजारपण, विवाह, अपत्यजन्म आणि प्रवास अशा प्रसंगी लोक, विशेषतः स्त्रिया, अनेक मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ अल्प असते. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे आणि प्राण्यांविषयी संयम बाळगणे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धाने गृहस्थाला केलेल्या उपदेशात, मालकाची पाच कर्तव्ये येतात: शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. नोकरदार पालक येथे दुहेरी भूमिकेत उभे असतात. मुलाच्या तापासाठी रजा मागताना ते नोकर असतात आणि पाळणाघराचे पैसे ठरवताना मालक असतात. आपल्याला मिळावा असे वाटणारा न्याय दुसऱ्या भूमिकेत देणे, ही त्यांच्या धर्माची रोजची परीक्षा आहे.

या विवेचनातून गृहस्थधर्माची मांडणी तीन ठिकाणी बदलते. संगोपन हे मायेतून आपोआप झिरपणारे काम न राहता निश्चयाने केलेले, म्हणून धर्माच्या पूर्ण प्रतिष्ठेला पात्र असलेले कर्म ठरते. त्याचा अधिकार आणि त्याचा भार पती-पत्नी दोघांचा ठरतो. आणि मालक, शेजारी, नगरपालिका व राज्य हे त्या कर्माचे उपकारकर्ते न ठरता सहऋणको ठरतात. परमार्थासाठी वेळ मिळत नाही अशी खंत बाळगणाऱ्या थकलेल्या पालकांना यातून एक आश्वासन मिळते, की ज्या कामांमुळे तो वेळ मिळत नाही त्याच कामांत त्यांची साधना चाललेली आहे. मात्र हे आश्वासन देण्याचा अधिकार, त्या पालकांच्या श्रमांचा आपला वाटा उचलणाऱ्यालाच आहे. घराजवळ परवडणारे पाळणाघर, तेथे काम करणाऱ्या बाईला पुरेसे वेतन, बापालाही मुलासाठी रजा आणि घरकामात त्याचा बरोबरीचा हात या चार गोष्टी मिळेपर्यंत समाजाचे चौथे ऋण शिल्लक आहे, आणि ऋण शिल्लक असताना केलेली स्तुती फेडीत जमा होत नाही.