वंशावळीचे सत्य

नरडाण्यापासून फार दूर नसलेल्या, तापीकाठच्या थाळनेर गावी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. या घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा यास १३७० साली फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेरची जहागीर मिळाली. सत्ता आली ती तरवारीने व धन्याच्या मर्जीने; पण घराण्याने आपले मूळ नेऊन भिडविले ते थेट खलिफा उमर फारूक यांच्याशी, आणि नावही त्यावरूनच घेतले.

ही रीत एकट्या खानदेशाची नव्हे. जपानात १६०३ साली शोगुन, म्हणजे राज्याचा खरा सूत्रधार, झालेल्या तोकुगावा इएयासूने आपणांस प्राचीन मिनामोतो कुळातील म्हणविले. आणि त्याच्या नातवाच्या कारकीर्दीत, १६४१ ते १६४३ या काळात, तेथील सरदारांच्या वंशावळी सरकारी आज्ञेने गोळा करण्यात आल्या. त्यांत कल्पनेचा भाग किती असेल, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. भाटास बिदागी पोचली की सूर्य व चंद्र दोघेही दारी हजर होतात!

परंतु पूर्वजांचा दाखला खोटा ठरला म्हणजे वारसाही खोटा ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. दत्तकाचीच गोष्ट घ्या. योनेझावाच्या उएसुगी घराण्यातील हारुनोरी हा मूळचा अकिझुकी कुळातला मुलगा. १७६७ साली तो गादीवर आला तेव्हा संस्थान कर्जात बुडालेले होते. उएसुगींचा मान त्यास मिळाला, तसे त्यांचे कर्जही मिळाले. ते आपले मानून त्याने प्रथम स्वतःच्या घरचा खर्च तोडला. १७८५ साली गादी सोडताना त्याने वारसास बजावले, की राज्य पूर्वजांकडून आले असून पुढच्यांच्या हाती द्यावयाचे आहे. ते आपल्या मर्जीचे धन नव्हे. रक्ताच्या वंशजांपैकी कितीकांस इतके उमगले? हौसेने कुलवृत्तांत छापविणाऱ्या आमच्या घरांतूनही पूर्वजांच्या पराक्रमांचीच नोंद होते. त्यांच्या देण्यांची होत नाही.

आमच्या शेजारी, नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली बडोद्यास दत्तक जाऊन सयाजीराव झाला. तो गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतला, तथापि शेतकऱ्याच्या घरी वाढलेला. पुढे याच सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यांस दत्तक घेतले खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी. वंशावळीत मात्र बापाखाली मुलगा अशी सरळ रेघ ओढलेली असते, आणि त्या रेघेवर जमनाबाईंस कोठेच जागा सापडत नाही.