लज्जा, औषध आणि सत्य

लज्जा हा स्त्रीचा अलंकार होय, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. अलंकारांची रीत अशी की, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ते अंगावरून उतरवून घरच्यांच्या हाती द्यावे लागतात. बांगड्या उतरतात, जोडवी उतरतात, मंगळसूत्रदेखील सासूच्या पदरात बांधले जाते. हा एक अलंकार मात्र कोणी उतरवून मागत नाही, आणि भूल देण्याच्या टेबलावर तो पुष्कळदा सर्वांत घातक ठरतो. या लज्जेचा हिशेब नीतीच्या दृष्टीने कसा मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही ज्या शस्त्रक्रियेविषयी बोलत आहो तिला सुघटन शस्त्रक्रिया, म्हणजे लोकांच्या तोंडची प्लास्टिक सर्जरी, असे नाव आहे. हे नाव काढताच कित्येकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातील नट्या उभ्या राहतात. वस्तुतः नांदेड-लातूरकडे या विद्येचे काम निराळेच आहे. स्टोव्हच्या भडक्याने भाजून आखडलेली मान, यंत्रात सापडलेला हात, जन्मतः दुभंगलेला ओठ, हे तिचे नित्याचे विषय होत. लातूरचे डॉ. विठ्ठल लहाने यांचे नाव मराठवाड्यात घरोघर माहीत झाले, ते दुभंगलेल्या ओठांच्या विनामूल्य शस्त्रक्रियांमुळे. शिवाय ही विद्या आपणांस परकीही नाही. टिपूच्या शिपायांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापली गेली, आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज वैद्याने १८१४ साली तोच प्रयोग तिकडे केला. तेव्हा मुलीच्या ओठावर वा सुनेच्या मानेवर शस्त्रक्रिया करविणे यात चैन नाही, की लाजण्यासारखेही काही नाही. असो.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर स्त्रीला दोन प्रश्न विचारतात. पाळी केव्हा आली, हा पहिला. कोणत्या गोळ्या चालू आहेत, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा निरुपद्रवी असते. पाळीच्या दिवसांत भूल देऊ नये वा सुरी लावू नये, असा शास्त्राचा नियम नाही. काही शस्त्रवैद्य नाकासारख्या नाजूक कामासाठी ते दिवस टाळणे पसंत करतात इतकेच. साधी घडी वा पॅड घेऊन स्त्री टेबलावर जाऊ शकते, आणि तेथील परिचारिकांस त्याचे यत्किंचित नवल नसते. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी प्राणांशी संबंध ठेवते. संततिनियमनाच्या ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, आणि आशाताईंकडून मिळणारी ‘माला-एन’ त्यांतलीच, त्यांच्यामुळे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरण्याचा संभव वाढतो. एरवी १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना असे होते. या गोळ्या घेणाऱ्यांत ५ ते १२ जणींना. एरवी ही वाढ फारशी नव्हे. गरोदरपणात व बाळंतपणानंतर हा धोका याहून मोठा असतो. पण मोठी शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे अंथरुणावरचे दिवस यांची तीत भर पडली म्हणजे गोष्ट बदलते. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर मृत्यूही येतो. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे चार आठवडे अशा गोळ्या थांबवून दुसरा उपाय योजावा असा सल्ला देतात. लहानसहान शस्त्रक्रियेला याची गरज नसते. कोणती मोठी आणि कोणती लहान हे अर्थात डॉक्टरांनीच ठरवावयाचे. पण ठरविण्यासाठी त्यांना आधी कळले पाहिजे.

आता लज्जेचा खेळ पाहा. मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तीन दिवसांचा तो सोहळा, आणि घरच्या सुनेला नेमका तेव्हाच ‘कावळा शिवला’ तर सगळ्या स्वयंपाकाचा आणि सोवळ्याचा बोजवारा. म्हणून औषधाच्या दुकानातून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या येतात, बहुधा चिठ्ठीवाचून. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावयाच्या आणि दिवसातून तीनदा घ्यावयाच्या. थांबविल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येते. माहूरच्या दर्शनाला, लग्नकार्याला हाच उपाय. एकदा सवय झाली म्हणजे शस्त्रक्रियेच्या तारखेलाही बाई आपणहून त्याच गोळ्या घेऊन येते. परक्या पुरुषांसमोर ‘तसल्या’ स्थितीत जाणे नको म्हणून. या गोळीचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनचेच रूप घेतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते; ही गोळी गर्भ राहू देत नाही असा तिचा समज असतो, तोही खोटा. म्हणजे जे निरुपद्रवी ते लपविण्यासाठी तिने उपद्रवी ते पत्करले, आणि मग तेही लपविले. विटाळाच्या कल्पनेने आजवर पुष्कळ अन्याय केले. हा त्यांतला सर्वांत आधुनिक म्हणावा लागेल. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग शुद्ध कोण, असा सवाल सोयराबाईने सहाशे-सातशे वर्षांपूर्वी केला होता. तो सवाल अजून औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचलेला दिसत नाही.

कोणी म्हणेल, यात नीतीचा प्रश्न कसला? बाईने खरे बोलावे, एवढेच ना? आमच्या मते प्रश्न इतका सोपा नाही. मुखेड-देगलूरहून नांदेडला वा औसा-निलंग्याहून लातूरला जी बाई येते ती एकटी कधीच येत नाही. सासू असते, नवरा असतो, दीर असतो, डब्यात भाकऱ्या बांधून आलेली नणंद असते. डॉक्टर प्रश्न विचारतात तेव्हा ही सारी मंडळी खाटेभोवती उभी असतात, आणि उत्तर पुष्कळदा सासूच देते. सासूला दुसरा नातू हवा आहे आणि सून गुपचूप ‘माला-एन’ घेते आहे, अशा घरात त्या सुनेने काय सांगावे? अविवाहित मुलगी पाळीच्या अनियमिततेसाठी डॉक्टरांनीच दिलेल्या त्याच गोळ्या घेत असेल, तर होऊ घातलेल्या सोयरिकीतील माणसांसमोर तिने ते नाव उच्चारावे काय? ती ‘काही नाही’ म्हणते. हे असत्य खरे. पण त्याचा दोष एकट्या तिच्या पदरी टाकणाऱ्यास आम्ही न्यायी म्हणणार नाही. ज्या घराने सत्याची किंमत एवढी चढविली त्या घराला तिच्याकडून सत्य मागण्याचा अधिकार किती उरतो?

तथापि, डॉक्टरांचा अधिकार घराच्या अधिकाराहून वेगळा आहे. घराला ते ऐकावयाचे नाही. डॉक्टरांना ते ऐकल्यावाचून काम करता येत नाही. म्हणून प्रश्न विचारताना खोली रिकामी करणे हे त्यांचे पहिले कर्तव्य होय. नातेवाइकांस ‘बाहेर थांबा’ म्हणणे आपल्याकडे अपमानासारखे वाटते, हे आम्ही जाणतो. रात्रभर एस. टी. त बसून आलेल्या माणसांची माया खोटी नसते. पण माया आणि मालकी यांत अंतर आहे. एक स्त्री १९९५ साली पाळीच्या तक्रारीच्या तपासणीसाठी दिल्लीच्या एका डॉक्टरकडे गेली. ती भुलीखाली असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रौढ आणि सज्ञान स्त्रीच्या देहाविषयी आईची संमती पुरेशी नाही, असा निकाल २००८ साली लागला. आईहून अधिक माया कोणाची? तरीही तिची सही चालली नाही. जेथे सही चालत नाही तेथे तिच्या गुपितावर सासूचा वा नवऱ्याचा हक्क कसा चालेल?

येथे एक आक्षेप घेतला जाईल तो असा की, स्त्रीने पाळी पुढे ढकलावी वा गर्भ टाळावा हेच आम्हांस खटकते की काय. मुळीच नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. ती बाजू आमचीही आहे. पण आपला देह आपल्या इच्छेने आवरणे वेगळे आणि दुसऱ्याच्या पंचांगासाठी आवरणे वेगळे. शेजारच्या बीड जिल्ह्यात हे दुसरे किती दूर जाऊ शकते ते २०१९ साली दिसले. सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवशी काम चुकले की मुकादमाकडे खाडा लागतो, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. महालक्ष्मीची गोळी आणि हे एकच, असे आम्ही म्हणत नाही. तरी दोहोंच्या मुळाशी तारीख मात्र दुसऱ्याचीच आहे.

राहता राहिली डॉक्टरांची अडचण. समजा, एकांतात बाईने खरे सांगितले आणि शस्त्रक्रिया चार आठवडे पुढे गेली. बाहेर येताच मंडळी विचारणार, का? रक्तात दोष आहे असे काही बनवून सांगणे सोपे असते. आम्हांस ते मान्य नाही, कारण त्या थापेने सून उद्यापासून रोगी ठरेल. ‘तिच्या प्रकृतीस एवढा अवधी हवा’ हे खरेही आहे आणि पुरेसेही. परंतु त्या चार आठवड्यांत गर्भ राहू नये यासाठी नवऱ्याने निरोध वापरावयाचे ठरले, तर ही गोष्ट नवऱ्याला कळल्यावाचून होणारी नाही. तेथे गुपित थोडे तरी फुटतेच. ते किती फोडावे, कोणी फोडावे, तिने की डॉक्टरांनी, हे तिलाच विचारावे लागेल, आणि तेही दार लोटून घेतल्यावर.